छप्पर कोणी शाकारायचं?



फ्रान्समधल्या चर्चविषयी बोलायचं म्हटलं की नोत्र दाम आणि शार्त्र ही नावं ठरलेली. ती बिशपांची आणि शहरांची कामं. त्यांच्यावर पुस्तकांचे ढीग पडले आहेत. आज आपण जाऊ मध्य फ्रान्समधल्या बेरी प्रांतात, नोआं-विक या पाचशेएक वस्तीच्या गावी. तिथलं संत मार्टिनचं चर्च बाहेरून साधंच आहे. त्याचा इतिहास मी एका रोखठोक प्रश्नाच्या आधारानं सांगणार आहे: याचं छप्पर शाकारायचा खर्च कुणाच्या माथी?

मध्ययुगात हे चर्च देऑलच्या बेनेडिक्टाइन मठाकडे होतं. मठ म्हणजे बडा जमीनदार. शेतकऱ्यानं पिकाचा दशांश चर्चला द्यायचा (प्रत्यक्षात हिस्सा गावागणिक कमीजास्त), आणि तो पुष्कळदा गावच्या पाद्र्याला न मिळता दूरच्या मठाच्या कोठारात जायचा. त्या बदल्यात रिवाज असा की गाभाऱ्याची डागडुजी दशांश खाणाऱ्यानं करायची आणि लोक जमतात त्या मंडपाची गावानं. 1695 मध्ये चौदाव्या लुईनं फर्मान काढून हे पक्कं केलं. एका इमारतीला दोन जबाबदार! गळती नेमकी कुणाच्या हद्दीत, यावर भांडायला केवढी सोय झाली पाहा.

आता आत चला. बाराव्या शतकात कुणा अनामिक चित्रकारानं इथल्या भिंती रंगवून काढल्या. रंग मोजकेच, गेरू, पिवडी आणि चुन्याचा पांढरा यांचंच राज्य. पण माणसं कशी काढली आहेत! एकही स्वस्थ उभा नाही. ज्यूडास येशूचं चुंबन घेतो त्या प्रसंगात अशी रेटारेटी आहे की भिंत अपुरी पडावी. मला मात्र गाभाऱ्याच्या टोकाला, अर्धगोल भिंतीवर रंगवलेली चोरी अधिक आवडते. मार्टिन हा तूरचा बिशप. 397 मध्ये काँद गावी तो वारला. प्वातिएचे लोक म्हणाले, यानं पहिला मठ आमच्याकडे स्थापला, देह आमचा. तूरचे म्हणाले, बिशप आमचा. रात्री प्वातिएकरांचा डोळा लागला, आणि तूरकरांनी देह खिडकीतून बाहेर काढून होडीत घातला तो थेट तूरला नेला. ग्रेगरी या तूरच्याच नंतरच्या बिशपानं ही कथा लिहून ठेवली आहे, तीही शरमेनं नव्हे. संताचा देह असेल तिथे यात्रा, यात्रा तिथे पैसा; हे मध्ययुगाला कुणी शिकवायला नको होतं.

पुढे कधीतरी या चित्रांवर चुना फासला गेला. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळाला भक्तिभावानं ऑइलपेंट लावतात, त्याच जातीचं हे पुण्यकर्म. फरक एवढाच की चुन्यानं चित्रं झाकली आणि जपलीही.

1789 मध्ये क्रांतीनं दशांश रद्द केला आणि चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या नावे केली. शेतकरी सुटला, पण गाभाऱ्याचा जुना वालीही गेला. 1849 मध्ये गावच्या पाद्र्याला चुन्याखाली रंग दिसले. शेजारीच, नोआंच्या वाड्यात, कादंबरीकार जॉर्ज सँड राहत होती. तिच्यामुळे ही गोष्ट प्रॉस्पेर मेरीमेपर्यंत पोचली. ‘कार्मेन’चा लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो, सरकारदरबारी तो 1834 पासून ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक होता. या दोघांचं 1833 मध्ये जमता जमता फिसकटलं होतं, पण भिंतीच्या कामात ते आड आलं नाही. चर्च संरक्षित वास्तूंच्या यादीत गेलं.

1905 मध्ये फ्रान्सनं धर्म आणि शासन वेगळे केले. इमारती सांभाळायला भाविकांच्या संस्था नेमाव्यात, असं कायदा म्हणत होता; पोप दहावे पायस यांनी त्याला साफ नकार दिला. परिणाम असा की जुनी गावचर्च ग्रामपालिकांच्याच गळ्यात राहिली. आज अशी चर्च चाळीस हजारांच्या घरात आहेत. प्रार्थना चर्चची, कौलं गावाची! मेयर नास्तिक असला तरी गळतीची तक्रार त्याच्याकडेच जाते.

नोआं-विकच्या चर्चला चित्रं होती, सँड होती, मेरीमे होता. ज्या हजारो चर्चना यांतलं काहीच नाही, त्यांची गत कठीण आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी लहान गावांतल्या धार्मिक वास्तूंसाठी देशव्यापी वर्गणी जाहीर केली आणि देणगीदारांना करात मोठी सवलत दिली. जुन्या दशांशापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो. मात्र वर्गणी नावाजलेल्या वास्तूकडे आधी वळते, हा धोका आहेच.

तेव्हा तुमच्यापैकी जे फ्रान्सला जातील त्यांना एवढंच सांगणं: पॅरिसमधला एक दिवस कमी करा, एखाद्या आडगावच्या चर्चमध्ये शिरा, आणि दाराशी छपरासाठी पेटी ठेवलेली असेल तर तीत दोन युरो टाका.