एसटीचा पास की पेठेतली कॉट?



१९९४ मध्ये पुण्यात आयएलएस लॉ कॉलेजला प्रवेश मिळाला. राहायचं कुठं? वडील म्हणाले, “एसटीचा पास काढ, घरचं जेवण मिळेल.” भोर ते स्वारगेट साधारण ५० किलोमीटर. कात्रजच्या घाटात पुस्तक उघडायचो आणि झोपायचो. पहिल्याच चाचणीत नापास झालो. मग आईनं कुणाला न विचारता आंबेमोहोराची दोन पोती विकली. सदाशिव पेठेत कॉट मिळाली. एका खोलीत चौघं, पण सायकलनं कॉलेज जवळ. वडील महिनाभर बोलले नाहीत. तरी रविवारी परत निघताना तांदळाची पिशवी तेच एसटीत चढवायचे.

भोर-वेल्ह्याची मुलं आज विचारतात, तेव्हा सांगतो : भाडं बघा, पण प्रवासात जाणारे तासही मोजा.