चावीवाले बाबा



कालच्या व्याख्यात्यांनी तुम्हांला ज्ञानेश्वरी सांगितली. उद्याचे पाहुणे लोणारच्या सरोवरावर बोलणार आहेत. मधल्या दिवशी चालकांनी मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते हमालांच्या सभांत, मागितलेल्या पुस्तकांत आणि एस. टी. च्या प्रवासात. तेव्हा मी ग्रंथावर बोलणार नाही, एका माणसावर बोलणार आहे. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांचे नाव मी घेणार नाही, कारण घरच्यांची तशी इच्छा आहे. आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते नावाने ठाऊकही नसतील. गावाला ते ‘चावीवाले बाबा’ म्हणूनच माहीत.

आपल्या गावाला रेल्वे नाही, मग इथला माणूस रेल्वेत गेला कसा, असे कोणी विचारील. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि चौदा वर्षांत, १८६७ साली, ती लोहवाट वऱ्हाडातून नागपूरला पोचली. कशासाठी? आपल्या कापसासाठी. जलंब ते खामगाव ही आठ मैलांची फाटी १८७० साली निघाली, तीही कापसासाठीच, आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. कापूस गाडीत बसून गेला. घाटावरची आपली गावे मात्र बैलगाडीतच राहिली. पण पोट माणसाला रुळापर्यंत नेते. १९६६ च्या सुमारास, विशीतला हा तरुण शेगावकडे गेला आणि गँगमन म्हणून लागला. पुढे कीमन झाला.

कीमन म्हणजे काय हे सांगितले पाहिजे, कारण गाडीत बसणाऱ्याला तो दिसतो फक्त खिडकीतून, आणि तोही क्षणभर. पूर्वी रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असत. गाडीच्या धक्क्याने त्या सैल होत, निसटत. रोज पहाटे खांद्यावर हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन आपल्या हद्दीचे सहा-सात किलोमीटर चालायचे, एका रुळाने जायचे, दुसऱ्याने यायचे, आणि सैल दिसेल ती चावी ठोकायची, असे हे काम. पुढे सिमेंटचे स्लीपर आले, चावीच्या जागी पोलादी क्लिप आली, पण चालणे तेच राहिले आणि नावही तेच.

त्यात आपली वऱ्हाडची काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावरचा भराव कधी कोणत्या बाजूने बसेल याचा नेम नाही. वैशाखात रूळ तापून वाकायला पाहतो, पौषाच्या थंडीत आकसून तडकतो. म्हणजे बाराही महिने काही ना काही आहेच. तडकलेला रूळ दिसला की आधी धावायचे, दुरुस्ती नंतर. येणाऱ्या गाडीच्या दिशेने ६०० मीटरवर रुळाला एक फटाका बांधायचा, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. हा फटाका म्हणजे पत्र्याची चपटी डबी; चाकाखाली ती फुटली की ड्रायव्हरने समजायचे, पुढे धोका आहे. बाबांनी असे किती वेळा धावले, हे मी विचारले होते. म्हणाले, “मोजलं नाही भाऊ. गाडी थांबली का घरी जाचं, येवढंच.”

हे ‘घरी जायचं’ त्यांच्या बोलण्यात सारखे येई. सोबतीचे लोक त्यांना घरवेडा म्हणत आणि हसत. काम सुटल्यावर हा माणूस पाराजवळ थांबायचा नाही, चहाच्या दुकानात रेंगाळायचा नाही. लाइनीकाठच्या क्वार्टरमध्ये जाऊन मुलीची पाटी पाहायचा. स्वतःला बेरजेपलीकडे येत नव्हते, पण वजाबाकी बरोबर आहे की नाही हे तो खडे मांडून तपासायचा. सुट्टीला सुलतानपूरला आला की हातात शेगावच्या कचोऱ्यांचा पुडा ठरलेला, आणि तो आधी आईच्या हाती. मुकादमी मिळत होती. ती त्यांनी नाकारली, कारण ती दूरच्या गँगची होती आणि मुलगी शाळेत होती. मुलगी मॅट्रिक झाल्यावर घेतली. मधली काही वर्षे पगार कमी मिळाला. त्याचा हिशेब त्यांनी कधी कोणाला ऐकवला नाही.

आता आमच्या चळवळीत एक समज आहे, आणि मी तो पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे, की ज्याचा जीव घरात फार, तो लढ्याच्या कामाचा नाही. सडाफटिंग माणूस बरा. त्याला मागे ओढणारे कोणी नसते. हा समज खोटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि माझा साक्षीदार हे बाबा आहेत.

१९७४ सालचा रेल्वेचा संप तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ८ मे ते २७ मे असे वीस दिवस तो चालला. सतरा लाखांच्या आसपास कामगारांचा प्रश्न होता. बोनस पाहिजे, कामाचे तास आठ पाहिजेत, अशा मागण्या होत्या. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते; संप सुरू होण्याआधीच त्यांना अटक झाली. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, ठिकठिकाणी बायकापोरांना क्वार्टरांतून बाहेर काढण्यात आले. त्या वेळी बाबांच्या घरात दोन वर्षांची मुलगी होती आणि दुसरे मूल पोटात होते.

संपाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी काय केले? रात्री जेवण झाल्यावर बायकोला समोर बसवून सगळे सांगितले. पगार बंद होईल, नोकरी जाईल, खोली जाईल, कदाचित मला धरतील. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही, आणि सोबत्यांना तसे तोंडावर सांगेन. बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी भाकरी थापता थापता हो म्हटले.

नोकरी गेली, खोलीही गेली. बाबा खामगावच्या कापूस बाजारात पाठीवर गठाणी वाहू लागले. बाई इथे सासूजवळ आल्या आणि आपल्याच शिवारात निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागल्या. धाकटा मुलगा याच गावात जन्मला. त्यातच आणीबाणी आली, आणि नोकरी परत मिळेल ही आशाही सोडून द्यावी असे दिवस आले. पुढे १९७७ साली सरकार बदलले, आपले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना त्यांनी परत कामावर घेतले. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली हे लोक आवर्जून सांगतात, आणि ते खरेच मोठे काम आहे. पण गँगमनच्या झोपडीत त्यांची आठवण निघते ती या कामासाठी. बोनसचा प्रश्नही १९७९ साली सुटला.

मी बाईंना एकदा विचारले, तीन वर्षे एवढी हलाखी काढली, कधी नवऱ्याला बोल लावावासा वाटला नाही? त्या म्हणाल्या, “त्याईनं मले अगुदर इचारलं होतं, भाऊ. मी हो म्हनलं होतं. मंग रडाचं कायले?”

मंडळी, आम्ही संपाचे ठराव करतो, हात वर करून मते मोजतो. त्या मतांत चुलीचे मत कुठे असते? विसाव्या दिवशी माणूस मोडतो तो बहुधा पोलिसाच्या काठीने मोडत नाही. घरात न विचारलेल्या प्रश्नाने मोडतो. या माणसाच्या पायाखाली घराची संमती होती, म्हणून तो तीन वर्षे ताठ उभा राहिला. आमच्या संघटनांत भाषण करणारे पुष्कळ आहेत. हे बाबा सभेत कधी दोन वाक्यांच्या वर बोलले नाहीत. पण वर्गणी गोळा करायला ते गेले की नाही म्हणणारा विरळा, कारण दारात उभे राहून ते आधी घरातल्या आजाऱ्याची चौकशी करीत आणि मग पावती काढीत.

मुकादम झाल्यावरची एक गोष्ट सांगतो. गँगमधल्या एका पोराचे लेकरू तापाने फणफणले होते, तरी तो खाडा पडू नये म्हणून कामावर आला. बाबांनी त्याच्या हातातली पहार काढून घेतली आणि त्याला घरी धाडले. वर जबाब द्यावा लागेल, असे कोणी म्हणाले. तेव्हा ते म्हणाले, “ज्याचं मन घरी, त्याले रुळावर उभं करू नये.” वाकून काम करणाऱ्याच्या कानावर हातोड्यांचा आवाज असतो, शेजारच्या लाइनीवरून दुसरी गाडी येते, आणि शिट्टी ऐकू आली नाही की पुढचे सांगायला नको. संध्याकाळी बाबा हत्यारे मोजून घेत, तशी माणसेही मोजून घेत.

हे मोजणे किती खरे होते पाहा. रेल्वेच्या सुरक्षिततेसाठी डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिने २०१२ साली अहवाल दिला. त्यात, आधीच्या साधारण चार वर्षांत कामावर असताना सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी मेले आणि ८७०० जखमी झाले, असे नमूद आहे. अपघातात उतारू दगावले की वर्तमानपत्रांत मथळा येतो. हे सोळाशे एकेकटे गेले, म्हणून मथळा आला नाही. गाडी येत असल्याची सूचना देणारे ‘रक्षक’ नावाचे यंत्र अलीकडे काही भागांत कीमनच्या हाती दिले गेले, ते चांगलेच झाले.

वांगणीच्या मयूर शेळके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १७ एप्रिल २०२१ रोजी अंध आईच्या हातून सुटून रुळावर पडलेल्या मुलाला या पॉइंट्समनने समोरून गाडी येत असताना उचलले. पन्नास हजारांचे बक्षीस मिळाले, त्यातले अर्धे त्यांनी त्या मुलासाठी दिले. ते दृश्य कॅमेऱ्यात आले म्हणून देशाने पाहिले. बाबांच्या चाळीस वर्षांच्या चालण्यावर कॅमेरा नव्हता, आणि त्यांना त्याची खंतही नव्हती. घरची माणसे पाहत होती, तेवढे त्यांना पुरे होते.

२००५ साली ते निवृत्त होऊन गावी आले. सकाळी लवकर उठून चालायची सवय सुटली नाही. मेहकरच्या सडकेने जात आणि वाटेत पुलाचा कठडा हलतो का ते हाताने पाहत. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या अमदानीपासूनची आहे. तिच्यासाठी आपल्या जिल्ह्यात किती निवेदने झाली, किती आंदोलने झाली, हे तुम्ही जाणताच. अशाच एका निवेदनावर सही घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून सगळे वाचले, सही केली आणि कागद परत देताना म्हणाले, “लाइन आलीच, त सायबाले सांगजा, चिखलीकडची माती लय फुगते. भराव दोन पावसाळे बसू द्या, मंग रूळ टाका.”