दुधानं घरात किती कामं केली
(वसंत व्याख्यानमाला, चौथे पुष्प)



पत्रिकेत विषय छापलाय, 'कुटुंबाचा पहिला व्हीगन आहार'. व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. मांस, मासे, अंडी नाहीत. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि मधही नाही. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. यातला पहिला भाग आम्हाला जन्मापासून सवयीचा. खरी परीक्षा दुधापाशी सुरू होते, म्हणून आज मी मुख्यतः दुधाबद्दलच बोलणार आहे.

सव्वा वर्षापूर्वीपर्यंत आमच्या घरी रोज दीड लिटर दूध यायचं. माणसं पाच: सासूबाई, आम्ही दोघं, एकोणीस वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. मुलगी सुट्टीत गावी काकांकडे गेली होती. माझ्या दिरांच्या गोठ्यात चार संकरित गाई आहेत. एक नुकतीच व्यायली होती. झालेला गोऱ्हा कोपऱ्यात वेगळा बांधलेला, आईपासून लांब, आणि दिवसभर हंबरत होता. मुलीनं काकांना विचारलं, "याचं पुढं काय?" काका म्हणाले, "बाळा, याला वशिंड नाही, औताला चालत नाही. पोसायला परवडत नाही आणि २०१५ च्या कायद्यापासून गोऱ्हा-बैल कापायलाही देता येत नाही. काय करू, तूच सांग." तिच्याकडे उत्तर नव्हतं. घरी आली आणि म्हणाली, "मी दूध सोडतेय." एकटीनंच वेगळं ताट वाढून घ्यायला लागली. माझ्या घरात एक माणूस वेगळं जेवतंय हे मला बघवेना. म्हणून मीच म्हटलं, सगळे मिळून तीन महिने करून बघू.

मी रसायनशास्त्र शिकवते. प्रयोग करायचा तर आधीची नोंद हवी. त्यामुळे पहिलं पाऊल स्वयंपाकघरात नाही, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत टाकलं. पाचही जणांची तपासणी झाली आणि जे हाती आलं त्यानं मी हादरले. रोज दीड लिटर दूध पिणाऱ्या घरात माझं आणि सासूबाईंचं बी-१२ जीवनसत्त्व कमी, मुलीचं हिमोग्लोबिन कमी. अजून मुलीखेरीज कुणी काहीही सोडलेलं नव्हतं!

मग वाचायला लागले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर अनेक वर्षं काम करत आले आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात २०४ पुणेकर तपासले होते. त्यांत हृदयविकाराचे, मधुमेहाचे रुग्ण होते आणि निरोगी माणसंही होती. त्यातल्या ४७ टक्के लोकांत बी-१२ कमी निघालं. म्हणजे आपल्या वरण-भात-तुपाच्या ताटातही ही उणीव आधीपासून बसलेली होती, आणि आपण मात्र दूध पितो म्हणून निर्धास्त होतो.

बी-१२ ची गंमत अशी की ते ना वनस्पती बनवतात, ना प्राणी. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाईच्या पोटातले जिवाणू बनवतात, तिच्या रक्तात जातं, थोडं दुधात उतरतं. एका पेल्यात साधारण एक मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला रोज दोनाहून थोडं जास्त लागतं. दूध बंद केलं की हा झराही आटतो. इथं मी अगदी स्पष्ट बोलणार आहे, कारण या बाबतीत गोड बोलण्यानं नुकसान होतं. इडलीच्या आंबवलेल्या पिठातून, न धुतलेल्या भाजीवरच्या मातीतून, स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांतून बी-१२ मिळतं असं तुम्हाला कुणी सांगेल. त्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात बी-१२ सारखं दिसणारं जे असतं, ते आपल्या शरीराला बहुतांशी उपयोगी पडत नाही. व्हीगन व्हायचं तर गोळी घ्यायची, डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवायची आणि ती आयुष्यभर चुकवायची नाही. काही कॅप्सुलांचं वेष्टण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं, तेवढं विचारून घ्या. बी-१२ नसलं की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. उशीर झाला तर नसांचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

इथं मला गांधीजींची आठवण होते. दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, १९१२ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी कालेनबाख यांनी दूध सोडलं. गाई-म्हशींवर होणारा अत्याचार हे त्यामागचं एक कारण. पुढं १९१८ मध्ये ते आमांशानं मरणाच्या दारात पोहोचले. हवापालटासाठी आपल्या माथेरानला गेले, तिथलं पाणी मानवलं नाही, मुंबईला परतले. दुधाशिवाय शरीर उभं राहणार नाही, असं डॉक्टर दलालांनी बजावलं. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे ना, मग शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं. पण आपण व्रताचा शब्द पाळला आणि त्याचा आत्मा मारला, ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहून ठेवली आहे. दुधाला वनस्पतींतला पर्याय कुणाला ठाऊक असेल तर सांगा, असंही त्यांनी लोकांना विनवलं. बी-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं १९४८ साली, ज्या वर्षी ते गेले. त्यांच्या आजारपणाचं कारण बी-१२ होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांना जी माहिती कुणीच देऊ शकलं नाही, ती आज तालुक्याच्या औषधाच्या दुकानात एका छोट्या पट्टीत मिळते. मग ती न घेता प्रयोग करणं हा मला त्या प्रयोगाचाच अपमान वाटतो.

असो. स्वयंपाकघरात येऊ. मी एक वही केली आणि त्यात लिहून काढलं की आमच्या घरात दूध कोणकोणती कामं करत होतं. कॅल्शियम देत होतं. प्रथिनं देत होतं. चहा पांढरा करत होतं. भातावर दही होऊन जेवण संपवत होतं. सासूबाईंच्या वरणावर तूप होऊन पडत होतं. देवाला पंचामृत होत होतं. पाहुण्याला "अजून अर्धा कप घ्या ना" म्हणायला निमित्त देत होतं. मग माझ्या लक्षात आलं की दुधाच्या जागी दुसरं एक पांढरं पातेलं आणून ठेवलं तर ते यातली दोन-तीनच कामं करील. प्रत्येक कामाला वेगळा माणूस लावावा लागणार.

कॅल्शियमचं काम सगळ्यात सोपं निघालं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. एका बेताच्या नाचणीच्या भाकरीत ते साधारण अर्ध्या-पाऊण कप गाईच्या दुधाइतकं येतं. नाचणी भिजवून मोड आणून दळली तर अंगी अधिक लागते. न सोललेल्या तिळात तर शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर, पण तीळ आपण खाणार चमचाभर. म्हणून तिळाची चटणी रोजची केली, संक्रांतीपुरती ठेवली नाही. दारचा शेवगा आम्ही शेंगांसाठी लावलेला, आता त्याचा पालाही भाजीत जातो. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

प्रथिनांची मला काळजी होती, ती एका आठवड्यात गेली. मटकी, हुलगे, वाल, हरभरा, तूर, शेंगदाणे एवढं सगळं घरात असताना आम्ही डाळीचं पाणी करून वरण म्हणत होतो. वरण घट्ट केलं. दोन्ही वेळच्या जेवणात डाळ किंवा उसळ ठेवली. भाकरीतल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी असतं ते भाकरीत. पिठलं-भाकरी आपल्याकडे उगाच एका ताटात आलेली नाही. मुलीच्या हिमोग्लोबिनसाठी दोनच गोष्टी बदलल्या: उसळीवर वाढताना लिंबू पिळायचं, आणि जेवणानंतर तासभर चहा नाही. जवसाची चटणी तर आमच्या घरी होतीच. तिच्यातली स्निग्धाम्लं मासे न खाणाऱ्यांना फार मोलाची.

चहानं मात्र आम्हाला रडवलं. पहिल्या दिवशी सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं आणि पातेल्यात चक्क पनीर झालं. यजमानांनी तो चहा न बोलता बेसिनमध्ये ओतला आणि ऑफिसला गेले. त्या न बोलण्याचं मला फार वाईट वाटलं. कारण शोधायला माझाच विषय कामी आला. सोयाच्या प्रथिनांना कडक उष्णता आणि चहातलं आम्ल एकदम भेटलं की ती गोळा होतात. म्हणून आता कोरा चहा गाळून जरा निवू देते आणि मग कोमट दूध हळूहळू घालते. दूधही घरीच करते. सोयाबीन रात्रभर भिजवून, आधी काही मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे तो कच्चट वास येत नाही. मग गरम पाण्यात वाटून, गाळून, ते दूध पंधरा-वीस मिनिटं नीट उकळायचं. हे उकळणं टाळू नका, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असतात. चोथा थालीपिठात. यजमान आता हा चहा पितात. आवडीनं पितात असं मी म्हणणार नाही. ते म्हणतात, "सवय झाली." मला तेवढं पुरेसं आहे.

आणि मग सासूबाई. त्या माण तालुक्यातल्या. तीन दिवस त्या आमची धावपळ बघत होत्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, बहात्तरच्या दुष्काळात कुठं होतं दूध? जनावरं चाऱ्यावाचून गेली. आम्ही खडी फोडायला जात होतो. सुकडी मिळायची, मिलो ज्वारी मिळायची. गुळाचा कोरा चहा प्यायचो. तुम्ही हे हौसेनं करताय, आम्ही नाइलाजानं केलं." मंडळी, त्या वाक्यावर मी आजही विचार करते. आपल्या राज्यात दूध परवडत नाही म्हणून न पिणारी हजारो घरं आजही आहेत. त्यांच्यापुढं जाऊन दूध सोडण्याचं कौतुक सांगणं मला शोभणार नाही. त्यांना अंडं, दूध, जे मिळेल ते मिळायलाच हवं. मी बोलतेय ते माझ्यासारख्या, निवड करता येणाऱ्या घरांशी.

पण सासूबाईंनीच मग स्वयंपाकाची सूत्रं हातात घेतली. हुलग्याचं माडगं त्यांनी शिकवलं. शेंगदाण्याचं दही शेजारच्या मुलीकडून समजून घेऊन त्यांनीच जमवलं. शेंगदाणे रात्रभर भिजवून सालं काढायची, तिप्पट पाण्यात वाटून गाळायचं, दूध उकळून कोमट करायचं आणि त्यात हिरव्या मिरचीचे आठ-दहा देठ सोडायचे. त्या देठांवरचे जिवाणू विरजणाचं काम करतात. पहिलं दही नुसतं विरजण म्हणून ठेवायचं, दुसऱ्या लावणीचं खायचं. कोशिंबिरीला, कढीला ते छान लागतं. दुधाच्या दह्याइतकं कॅल्शियम त्यात नसतं, तेवढं ध्यानात ठेवा.

त्यांचं तूप मात्र आम्ही बंद केलं नाही. वयाच्या पंच्याहत्तरीला माणसाच्या भातावरची तुपाची धार काढून घेण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला? देवाच्या पंचामृतालाही हात लावला नाही. मुलीला हे पटलं नव्हतं. दोन दिवस आजी-नातीत अबोला होता. तिसऱ्या दिवशी आजीनंच तिला जवळ बसवून सांगितलं, "तू तुझं सोड, मी तुझ्या आड येत नाही." आता तुपाची लहान बरणी महिनाभर पुरते.

मुलाबद्दल थोडं अधिक बोलते, कारण आई-वडिलांनी इथंच सावध राहायचं असतं. वाढत्या वयाच्या मुलाला आपल्या तत्त्वासाठी उपाशी ठेवायचं नाही. आम्ही बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरुवात केली, दर तीन महिन्यांनी उंची-वजन मोजलं. मुलांचं पोट लहान असतं. डाळी-भाज्यांनी ते लवकर भरतं आणि ऊर्जा कमी पडते, म्हणून त्याच्या डब्यात शेंगदाण्याचा लाडू, तीळगूळ, भाजणीचं तेलात खरपूस केलेलं थालीपीठ असतं. घराबाहेर त्याला मोकळीक आहे. मित्राच्या वाढदिवसाला केक खाल्ला तर तो घरी येऊन सांगतो, आणि कुणी त्याला रागावत नाही. दुकानात पुड्यामागचं वाचायची सवय त्यालाच आधी लागली. हिरवा ठिपका शाकाहाराचा, त्यात दूध चालतं. बिस्किटांत, पावात दुधाची भुकटी असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांत वेगळं हिरव्या 'व्ही'चं चिन्ह ठरवलं आहे, ते शोधायला तोच पुढं असतो.

राहता राहिले माझे दीर. त्यांना ही बातमी कळली तेव्हा ते घरी आले. अंगणातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, त्यावर पोरांच्या फिया जातात. उसाचा पैसा वर्षानं येतो. सगळ्यांनी दूध सोडलं तर आम्ही काय करायचं?" मी त्यांना खोटं समाधान दिलं नाही. धवलक्रांतीनं या देशातल्या लहान शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदा नियमित पैसा दिला, हे खरं आहे. तो गोऱ्हा दिवसभर हंबरत होता, हेही खरं आहे. ही दोन्ही सत्यं एकाच गोठ्यात राहतात, माझ्याच सासरच्या गोठ्यात. मी एवढंच म्हणाले, "भाऊजी, तुमच्या भुईमुगाच्या शेंगा आता आम्ही घेऊ. वर्षाच्या." त्या वर्षी आम्ही त्यांच्याकडून दोन पोती शेंगा घेतल्या. दुधाच्या बिलाची बरोबरी त्यानं होत नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही.

तीन महिन्यांचं सव्वा वर्ष झालं. परवा पुन्हा रक्त तपासलं. गोळीमुळं माझं आणि सासूबाईंचं बी-१२ जागेवर आलंय, मुलीचं हिमोग्लोबिन वाढलंय, मुलगा चार सेंटिमीटर उंच झालाय. कोजागरीला नारळ आणि काजूचं दूध आटवून केशर-जायफळ घातलं, दीर-जाऊबाई आले होते. दिरांनी दोन पेले घेतले आणि गोठ्याचं बोलणं त्या रात्री कुणी काढलं नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलंय. प्रश्न असतील ते विचारा, विशेषतः ज्यांना पटलं नाही त्यांनी. सासूबाईंनी शेंगदाण्याच्या दह्याचं एक मोठं सट आणि विरजणाच्या छोट्या डब्या पाठवल्यात, मागच्या टेबलावर आहेत. कोशिंबीर कालवूनच आणलीय. जाताना चाखून बघा, आणि विरजण हवं असेल तर डबी परत करायची घाई नाही.