मानमोडीचं साल



आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडचं ‘मानमोडीचं साल’ म्हणजे १९१८. जूनमध्ये मुंबईत शिरलेली इन्फ्लुएन्झाची साथ सप्टेंबरात उग्र झाली अन् आगगाडीने पसरली. साथीला कुठं तिकीट लागते! आपलं चांदूर तर मुंबई-नागपूर लाइनीवरच. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, त्यात ऐन तारुण्यातली फार. पुढं शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेले फुफ्फुसांचे नमुने तपासले. बहुतेकांचा जीव घेतला तो न्यूमोनियाने: फ्लूने फुफ्फुसाचं अस्तर खरवडलं, मागून जंतू शिरले. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज औषध आहे, फ्लूची अन् न्यूमोनियाची लसही आहे. पण आपल्याकडं कितीक घरी दोनच म्हातारे, पोरं पुण्याला. ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोनलाही माझी बेल वाजवा.