संस्थेला माणूस हवा



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर हळदीकुंकवाची तयारी करणे एवढेच माझे काम. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

माझी भाची मुंबईला नोकरी करते. दिवाळीत ती यवतमाळला आली तेव्हा मी विचारले, "काय गं, तुझे काम तरी काय?" ती म्हणाली, "मावशी, सेवाभावी संस्थांना मी मुख्य अधिकारी शोधून देते." मी म्हटले, "म्हणजे लग्न जुळवण्यासारखेच!" तीही हसून "बरेचसे तसेच" म्हणाली.

दवाखाना किंवा अनाथाश्रम चालवणारे विश्वस्त तिच्या कचेरीकडे येतात. ती आधी त्यांनाच विचारते, येत्या तीन वर्षांत तुम्हांला काय घडवायचे आहे? मग जाणत्या लोकांकडून नावे गोळा करते, पुष्कळांना भेटते, पूर्वी त्यांच्यासोबत काम केलेल्यांकडे चौकशी करते आणि तीन-चार नावे पुढे ठेवते. निवड विश्वस्तांची. मोबदला संस्था देते, उमेदवाराकडून पैसा घ्यायचा नाही. ती म्हणाली, "चांगला माणूस कुठेतरी कामात गुंतलेला असतो. तो आपणहून येत नाही, त्याला जाऊन विचारावे लागते."

हे ऐकून मला पार्वतीबाई आठवले आठवल्या. महर्षी कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला. त्याला माणूस हवा होता, तो त्यांना घरातच सापडला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, लहान मुलाची आई, आणि उशिरा शिकलेल्या. त्यांनी आश्रम सांभाळला, दारोदार वर्गणी जमवली, आणि 1918 साली अमेरिकेला जाऊन तिथे घरकाम करूनही दिवस काढले.

भगिनींनो, आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या चिटणीसबाई अकरा वर्षे वह्या सांभाळीत आहेत. आता गुडघे साथ देत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी "आता कोणी पुढे या" म्हटले, तेव्हा आपण सगळ्या माना खाली घालून बसलो. त्यांत मीही होते. मला वाटले, हे शिकलेल्या बाईचे काम.

भाची गेल्यावर मी कागद घेतला आणि हे काम काय आहे ते लिहून काढले. वर्गणीचा हिशेब, सभेची नोंद, शिवणवर्गाची देखरेख, न येणाऱ्या बाईच्या घरी जाऊन चौकशी. यातले मला काय येत नाही? पंचवीस वर्षे मी घरचा आणि शेताचा जमाखर्च ठेवला, आणि कापूस विकून पुरा पडत नाही त्या वर्षीही चूल पेटती ठेवली.

म्हणून आज सर्वांसमोर सांगते, एक वर्ष मी चिटणीसबाईंच्या हाताखाली काम शिकेन. त्यानंतर तुम्हांला पटले तरच वही माझ्या हाती द्या. आणि तुम्हीही एकेका शेजारणीला घरी जाऊन विचारा. कदाचित ती विचारण्याचीच वाट पाहत असेल.