टॉवर, किरणोत्सर्ग आणि एक प्रश्नचिन्ह

(एका उपनगरातील वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी मला हा विषय सुचवला, तेव्हा मी त्यांना प्रांजळपणे सांगितले की, मी कला शाखेचा पदवीधर आहे. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबरच संपला. त्यावर ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला बोलावतो आहोत. मोबाईलचे टॉवर घातक आहेत की नाहीत, हे शास्त्रज्ञ सांगतील. पण त्यांनी सांगूनही लोकांना ते पटत का नाही, हे तुम्ही सांगा. तुम्ही वृत्तपत्रवाले. अफवा तुमच्याच दारावरून जातात." दारावरून जातात, हे त्यांचे सौजन्य. काही अफवा आमच्या घरातच जन्माला आल्या आहेत आणि त्यांतली एक माझी आहे. तिच्यापासूनच प्रारंभ करतो.

गोष्ट २००८ सालची. मी एका दैनिकाच्या स्थानिक पुरवणीचे काम पाहत होतो. एका गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर टॉवर उभा होता आणि त्या गल्लीत दोन वर्षांत तिघांना कर्करोग झाला होता. रहिवासी कागदपत्रे घेऊन कार्यालयात आले. मी बातमी लिहिली आणि मथळा दिला, 'टॉवरच्या किरणोत्सर्गाने गल्लीत कर्करोग?' शेवटी प्रश्नचिन्ह. आमच्या व्यवसायात हे फार सोयीचे चिन्ह आहे. विधान केल्याचा परिणाम साधतो, जबाबदारी मात्र अंगाला लागत नाही. त्या तिघांचे तीन वेगवेगळे कर्करोग होते. एक गृहस्थ तीस वर्षे तंबाखू मळत होते. दुसरे त्या गल्लीत राहायला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. हे सारे मला तेव्हाच ठाऊक होते. दोन ओळींत लिहिताही आले असते. लिहिले नाही, कारण ते लिहिले असते तर बातमीच उरली नसती.

त्या मथळ्यात प्रश्नचिन्हाहूनही मोठा एक दोष होता, तो माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षे गेली. तो दोष म्हणजे 'किरणोत्सर्ग' हा शब्द. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाबरोबर काय उभे राहते? हिरोशिमा, चेर्नोबिल, अणुभट्टी. युरेनियमसारखे मूलद्रव्य स्वतःहून फुटून जे बाहेर टाकते, तो किरणोत्सर्ग. मोबाईलच्या टॉवरमधून निघतात त्या विद्युतचुंबकीय लहरी, ज्यांना आपल्या शास्त्राच्या परिभाषेत 'प्रारण' असा स्वतंत्र शब्द आहे. दिव्याचा उजेड हेही प्रारणच. चुलीची धग हेही प्रारणच. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो, आणि आम्ही भाषांतर करताना त्यातला भयंकर तो अर्थ उचलला. बातमीच्या घाईत कुणी परिभाषा कोश उघडत नाही. भाषेचा विद्यार्थी म्हणवणाऱ्या माणसाने हे करावे, याची मला आजही लाज वाटते. लोकांच्या मनातल्या भीतीचा निम्मा भाग, माझ्या मते, या एका शब्दाने पेरला आहे.

आता शास्त्राचे दोन शब्द, मला जेवढे उमगले तेवढे. लहरींची ऊर्जा पुड्यापुड्यांनी येते आणि प्रत्येक पुडीत किती ऊर्जा असावी, हे तिच्या कंप्रतेवर ठरते. शरीरातील रेणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून पेशीतील जनुकीय द्रव्य बिघडवायचे, तर पुडी अतिनील किरणांच्या वरच्या टोकाची किंवा क्ष-किरणांची लागते. मोबाईलच्या लहरींची पुडी तर साध्या सूर्यप्रकाशाच्या पुडीच्याही हजारो पट लहान. आंबा वीस हातांवर असेल आणि तुमची काठी हातभर असेल, तर तशा हजार काठ्या घेऊन हजार माणसे झाडाखाली उभी केली, तरी आंबा पडत नाही. या लहरी ऊब देऊ शकतात, आणि तेवढ्यासाठीच त्यांच्या तीव्रतेला मर्यादा घातलेल्या आहेत. आणखी एक गंमत. टॉवर जितका दूर, तितका तुमच्या हातातला फोन त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अधिक जोर लावतो. टॉवर हटवून आपण प्रारण हटवत नाही, कानाजवळ आणतो.

आणि या लहरी काही परवा जन्मल्या नाहीत. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली, दारू पेटवून दाखवली. त्यांनी ज्या मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले, त्याच पट्ट्यात आज 'फाइव्ह-जी'चा वरचा भाग येतो. ज्याला लोक परदेशी कंपन्यांचे नवे विष म्हणतात, त्याची पहिली प्रयोगशाळा आपल्याच देशात होती.

इतके सांगितले की लोकांना पटायला हवे. पटत नाही. का?

सुशिक्षितांमध्ये याचे एक झटपट उत्तर असते, 'लोक अडाणी आहेत.' मला हे उत्तर मान्य नाही. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमध्ये लोकांनी मोबाईलचे डझनावारी मनोरे जाळले, कारण कोविड 'फाइव्ह-जी'मुळे पसरतो अशी आवई उठली होती. बर्मिंगहॅममध्ये कोविडच्या रुग्णांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाला सेवा देणारा मनोराही त्यातून सुटला नाही. शंभर टक्के साक्षर म्हणवणारा तो देश. आपल्याकडे मे २०२१ मध्ये दुसरी लाट भरात असताना तीच आवई आली. 'फाइव्ह-जी'च्या चाचण्यांमुळे माणसे मरत आहेत, असे संदेश गावोगाव फिरले. चाचण्यांना परवानगी मिळाली होती ४ मे रोजी. देशात कुठेही चाचण्या सुरूच झालेल्या नाहीत, असा खुलासा दूरसंचार विभागाला १० मे रोजी करावा लागला. प्रत्यक्ष सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. आरोपी घटनास्थळी नव्हताच! मे २०२१च्याच अखेरीस अभिनेत्री जुही चावला 'फाइव्ह-जी'विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दावा फेटाळला गेला, वीस लाखांचा दंड झाला, पुढे तो दोन लाखांवर आला. दंडाने कुणाची भीती गेल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

अशा अफवेचे मूळ शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रुग्णालयात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या शरीरातून औषधी तेल काढतात, अशी वदंता पसरली होती. त्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेलाची गोष्ट धादांत खोटी होती. पण पुढच्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले, देवघरे विटाळली, बायाबापड्यांची तपासणी उघड्यावर केली, ते खरे होते. ज्या सरकारने माणसाला विश्वासात घेणे कमीपणाचे मानले, त्याचे औषधही लोकांना विष वाटले. अफवा खोटी असते, पण ती ज्या अपमानावर वाढते तो पुष्कळदा खरा असतो.

टॉवरचेही तसेच आहे. फोन मी स्वतः निवडला. त्याचा उपयोग मला, बिलही मला. टॉवर मात्र समोरच्या गच्चीवर रातोरात उगवतो. भाडे त्या संस्थेला, नफा कंपनीला, आणि माझ्या वाट्याला खिडकीतले दर्शन. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही. मुंबई-ठाण्यात असे किती टॉवर परवानगीवाचून उभे राहिले, हे पालिकेच्या वार्ताहरांना विचारा. जो परवानगी न घेता येतो, तो निरुपद्रवी असेल यावर विश्वास ठेवायला साधूचे मन लागते. शिवाय मोठे उद्योग खोटे बोलतात, हेही लोकांना अनुभवाने ठाऊक आहे. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते १९५० सालीच संशोधनाने उघड केले. त्यानंतर कित्येक दशके तंबाखू कंपन्यांनी पैसे मोजून त्यावर संशय पेरला. भोपाळ तर आपल्या डोळ्यांसमोर घडले. तेव्हा 'कंपनी म्हणते सुरक्षित आहे' या वाक्यावर जो शंका घेतो, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याची शंका योग्य जागी जन्मते आणि चुकीच्या जागी जाऊन बसते.

सरकारच्या सावधगिरीनेही गोंधळ वाढतो. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशाने टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. हेतू लोकांना आश्वस्त करण्याचा होता. लोकांनी अर्थ काढला, 'घातक नव्हते, तर कमी का केले?' २०१७ साली ग्वाल्हेरमधील एका कर्करोगग्रस्ताच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तिथला एक टॉवर सात दिवसांत बंद करण्यास सांगितले. बंद केला म्हणजे दोषी होता, असेच घरोघरी समजले गेले. तत्पूर्वी मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना '२ ब' गटात टाकले होते. 'पुरावा अपुरा आहे, पण शक्यता पुरती नाकारता येत नाही' असा तो गट. त्याच गटात पूर्व आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. नि:संशय कर्करोगकारक असा जो पहिला गट, त्यात सुपारी आहे. टॉवरविरुद्धच्या सभेत पाहुण्यांपुढे सुपारीचे तबक फिरलेले मी पाहिले आहे. त्याच जागतिक संघटनेने करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. ती बातमी आमच्याकडे आतल्या पानावर, एका स्तंभात होती.

मग ज्यांना टॉवरखाली खरोखरच डोके दुखते, झोप लागत नाही, ते काय नाटक करतात? मुळीच नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी अशा संवेदनशील माणसांवर झालेल्या ४६ प्रयोगांचा आढावा २०१० पर्यंत घेतला. एकूण ११७५ माणसे. लहरी सुरू आहेत की बंद, हे ना त्यांना ठाऊक, ना प्रयोग करणाऱ्याला. त्रास होत होता, पण लहरी खऱ्या असोत वा खोट्या, सारखाच होत होता. २०१३ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १४७ जणांपैकी निम्म्यांना वाय-फायच्या धोक्यांविषयीचा दूरचित्रवाणीवरचा माहितीपट दाखवला, उरलेल्यांना दुसराच काहीतरी. मग सर्वांना सांगितले की, आता पंधरा मिनिटे वाय-फाय सुरू आहे. प्रत्यक्षात काहीच सुरू नव्हते. निम्म्याहून अधिक लोकांना त्रास जाणवला, दोघे जण प्रयोग अर्धवट सोडून गेले. ज्यांचा स्वभाव आधीच चिंतातुर, त्यांच्यावर माहितीपटाचा परिणाम अधिक झाला. हे वाचले त्या रात्री मला माझा २००८चा मथळा आठवला. त्या गल्लीत किती जणांची झोप टॉवरने नव्हे, मी उडवली असेल?

शेवटची गोष्ट घरातली आहे. सांगू की नको, असा विचार करतच आलो.

माझ्या मावसभावाच्या पत्नीला २०१३ साली स्तनाचा कर्करोग निघाला. त्यांच्या शेजारच्या इमारतीवर दोन वर्षांपूर्वी टॉवर बसला होता. दादाने त्या टॉवरविरुद्ध जणू युद्ध पुकारले. सह्या गोळा केल्या, माहिती अधिकारात अर्ज केले, पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. माझी बातमी तो फायलीत लावून फिरत असे. मी त्याला अडवले नाही. बातमी माझीच होती, कोणत्या तोंडाने अडवणार? परवानगीतील त्रुटीमुळे अखेर टॉवर उतरला. त्या दिवशी त्याने पेढे वाटले. वहिनी तेव्हा केमोथेरपीच्या चौथ्या फेरीनंतर अंथरुणावर होत्या. त्यांनी माझ्या पत्नीला एकदा हलक्या आवाजात सांगितले होते की, गाठ त्यांच्या हाताला अकरा महिने आधीच लागली होती. मुलीचे लग्न ठरत होते, घरात कुणाला सांगायचा संकोच वाटला. २०१५ मध्ये त्या गेल्या. दिवस झाल्यानंतर एका संध्याकाळी दादा गॅलरीत, त्या रिकाम्या गच्चीकडे पाहत बसला होता. गाठीचे त्याला केव्हा आणि कुणी सांगितले, मला ठाऊक नाही. तो एवढेच म्हणाला, "अकरा महिने ती याच घरात होती रे, माझ्याबरोबर."

टॉवर उभा होता तोवर हे वाक्य त्याला उच्चारावे लागले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या फोनवर एक कात्रण आले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पाठवले होते, चांगल्या भावनेने. ते माझ्याच २००८च्या बातमीचे होते. तारीख नव्हती. वर कुणीतरी लाल अक्षरांत 'फाइव्ह-जीपासून सावधान' असे छापले होते आणि कडेला कापताना प्रश्नचिन्ह गेले होते. मी त्यांना कळवले, "सर, ही बातमी मीच लिहिली होती आणि ती चुकीची होती." त्यांचे उत्तर आले, "तुमच्यावर दबाव आहे, हे आम्ही समजू शकतो."

मी त्यांच्या घरी गेलो. दीड तास बोललो, चहा झाला. निघताना ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर असेलही. पण आमच्या इमारतीवर टॉवर बसवताना आम्हाला विचारले का नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. इथे दूरसंचार क्षेत्रातले कुणी बसले असतील, तर त्यांनी ते द्यावे. मी माझे बोलणे थांबवतो.