विजेची विद्या आणि मुलांचे हात
(जुबिली महोत्सवांत तरुणांपुढें केलेलें भाषण)



वडीगोद्रीच्या शिवारांत वीज ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. तरीही तिच्याशीं आपली ओळख बहुधा बटन दाबण्यापुरतीच असते. ज्यांची अधिक असते, त्यांतील कित्येकांनीं ती तारेवर आकडा टाकतांना, जीव धोक्यांत घालून करून घेतलेली असते. ही विद्या मुलांना याहून बऱ्या मार्गानें कशी मिळावी, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

पुस्तकांत विद्युन्मंडलाची, ज्याला शाळेंत आतां परिपथ म्हणतात त्याची, आकृति असते. मूल ती पाठ करतें, परीक्षेंत काढतें आणि विसरतें. त्याच मुलाच्या हातीं नाताळचा तारा करण्यास कांबट्या, कागद, दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे दोन बल्ब व थोडी तार द्या. सेलच्या एकाच टोकास तार लावली तर दिवा लागत नाहीं. वीज एका टोकाकडून निघून, दिव्यांतून जाऊन दुसऱ्या टोकास परत आली पाहिजे, हें मग त्याला कोणीं सांगावें लागत नाहीं. दोन बल्ब एकामागें एक जोडले कीं दोन्ही मंद जळतात, आणि एक काढला कीं दुसराही विझतो. तेच बल्ब सेलला निरनिराळ्या वाटांनीं जोडले तर एक काढला तरी दुसरा जळत राहातो. घरांतील एक दिवा मालविला असतां बाकीचे कां विझत नाहींत, हें येथें बोटांना कळतें. तारेवरचें आवरण खरडलें नाहीं तर सारा खटाटोप फुकट जातो. हा धडा मला विशेष आवडतो, कारण फजिती झाल्यावांचून तो कोणालाच मिळत नाहीं.

पाद्र्याला या उठाठेवी कशाला, असें कोणी म्हणेल. आयर्लंडांतील मेनूथच्या सेमिनरींत शिकविणाऱ्या फादर निकोलस कॅलन यांनीं १८३६ सालीं इंडक्शन कॉइल तयार केली. पुढें महाग प्लॅटिनमऐवजीं ओतीव लोखंड वापरून त्यांनीं स्वस्त बॅटरीही बनविली.

आपल्याकडेही हें झालें आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं मुंबईतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापिला. गांवाला लागणारीं कामें मुलांनीं करावीं व त्यांतूनच शास्त्र शिकावें, ही त्यांची रीत. वायरिंग, जोडकाम, बांधकाम, शेती हीं कामें तेथें मुलगे व मुली दोघेंही शिकतात.

"आम्हांला मुलाला वायरमन करावयाचें नाहीं," असें आईबाप म्हणतात. परंतु ज्यानें तार कधीं सोललीच नाहीं, तो इंजिनिअर कसला?

म्हणून येत्या नाताळांत प्रत्येक वस्तींतील मुलांमुलींनीं एक तारा सेलवर करावा. घरांतील २३० व्होल्टच्या विजेला कोणींही हात लावूं नये. दोन उघड्या तारा परस्परांस भिडल्या तर तार तापते, हेंही सेलवर क्षणभर, वडीलधाऱ्यांच्या देखतच पाहावें. घरांत फ्यूज कशासाठीं असतो, तें त्यावरून समजेल. जुन्या टॉर्चमधील चालू बल्ब कोणाच्या घरीं पडले असतील, तर पुढील रविवारीं मिस्साला येतांना ते घेऊन यावे.